डावा खांदा

कोटांच्या कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला 'चाळीस नंबर' म्हणत, कारण त्याच्या छातीचं माप चाळीस होतं आणि गेली एकोणीस वर्षं ते चाळीसच राहिलं होतं. त्याचं काम उभं राहण्याचं. नवा कोट निघाला की पहिला नमुना याच्या अंगावर चढायचा, कटिंग मास्तर टाचण्या लावून तो बसवायचे आणि मग त्याबरहुकूम शेकडो कोट कापले जायचे. लोक चेष्टा करायचे, "उभं राहायचा पगार मिळतो गड्या तुला!" करोत बापडे. तीन-तीन तास हात न हलवता उभं राहून बघावं एकदा. कुणाकडे जेवायला गेला तरी हा दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. पोट सुटलं की नोकरी सुटली.

थंडी जवळ आली की नातेवाइकांत त्याचा भाव वधारायचा. पीकोट, म्हणजे पुढे बटणांच्या दोन रांगा आणि रुंद कॉलर असलेला तो जाड लोकरी आखूड कोट, याला विचारल्याशिवाय कुणी घेत नसे. साडूने एकदा आत तीन स्वेटर मावावेत म्हणून दोन नंबर मोठा उचलला.

"कोट घेतोयस की तंबू?" हा म्हणाला. "आधी खांदा बघ. शिवण बरोबर हाडाच्या टोकावर आली पाहिजे. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा बसला नाही तर कोट तसाच परत ठेव. आत एकच पातळ स्वेटर घाल. खालचं बटण मोकळं सोड, नाहीतर बसलास की पोटाशी गोळा होईल. आणि वारा नसताना कॉलर उभी करू नकोस, सिनेमातला गुंड दिसशील."

साडूने गडद निळा घेतला आणि पुढची पाच वर्षं रुबाबात मिरवला.

दोन वर्षांपूर्वी बायकोची डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा धड राहिला. तो हात ती त्याच्या मानेभोवती टाकायची आणि हा तिला डाव्या अंगावर पेलून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात न्यायचा. सकाळी, संध्याकाळी, आणि दुपारच्या सुटीत धावत घरी येऊन पुन्हा. मग एक दिवस दाढी करताना आरशात दिसलं की डावा खांदा दोन बोटं खाली आलाय. तिनेही ते पाहिलं होतं.

"अहो, माझ्याच भारानं झालं ना हे?"

"तुझा कसला भार? भिजलेला लोकरी कोट तुझ्यापेक्षा जड भरेल."

ती हसली नाही.

दुसऱ्या कुणाचा खांदा उतरला असता तर बाम चोळून मोकळा झाला असता. याचं पोटच खांद्यावर होतं. पगार गेला तर तिची औषधं कुठून आणायची? म्हणून उन्हाळ्यात या वर्षीचा पीकोट अंगावर चढला तेव्हा याने श्वास रोखून डावा खांदा वर ओढला, भीतीपोटी उजव्यापेक्षाही थोडा जास्तच, आणि तसाच धरून ठेवला. घामाच्या धारा लागल्या. मास्तर म्हणाले, "गरम होतंय का रे?" हा नुसता हसला. मास्तरांनी टाचण्या लावल्या, आणि लावल्या त्या उचलून धरलेल्या खांद्याला.

थंडी पडली आणि व्हायचं तेच झालं. कोट परत येऊ लागले. ज्याच्या त्याच्या डाव्या खांद्यावर झोळ, कॉलर मानेपासून सुटलेली, बटणांच्या रांगा तिरक्या. मालकाने सगळ्यांसमोर मास्तरांना झापलं. म्हणाला, तुमचे डोळे गेलेत. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "गेले असतील. चाळीस नंबर काही चुकायचा नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर चार पावलांवर उभा.

दुसऱ्या दिवशी मालकाने फर्मावलं, मूळ नमुना माझ्यासमोर याच्या अंगावर घालून दाखवा. मापाच्या खोलीत दोघंच होते. मास्तरांनी कोट चढवला, बटणं लावली. याला राहवलं नाही.

"मास्तर, चूक तुमची नाही," तो म्हणाला, आणि त्याने खांदा सोडून दिला.

कोट एका बाजूला ओघळला. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी त्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला उचलून?"

त्याने मान हलवली. जिन्यात मालकाचे बूट वाजले.

"वर घे," मास्तर कुजबुजले.

"नको मास्तर, मी सांगतो त्यांना..."

"वर घे म्हणतो ना! माझ्या नोकरीचं एकच वर्ष राहिलंय. तुला अजून किती काढायचीत?"

त्याने खांदा वर ओढला. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

मालक आत आला. त्याच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, कॉलरला बोट लावून पाहिलं.

"बघा, कसा झक्कास बसलाय! माणूस अजून खणखणीत आहे. मास्तर, तुमचाच हात चुकला."

याला ओरडून सांगायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर श्वास सुटला असता, आणि श्वासाबरोबर खांदाही. त्याने दात आवळून धरले.

"हो साहेब," मास्तर म्हणाले, "माझाच."