समईसाठी काढलेली राख

गेल्या शनिवारी सकाळी आमचा पेलेट स्टोव्ह दुरुस्त झाला. काम दहा मिनिटांचं निघालं... आणि त्या दहा मिनिटांत मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

आधीचं सांगतो. इथे परदेशात, पापाटोएटोमधलं हे जुनं घर आम्ही याच उन्हाळ्यात घेतलं. आधीच्या मालकाने हॉलमध्ये लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा स्टोव्ह बसवलेला. बटण दाबलं की गोळ्या आपोआप आतल्या लोखंडी वाटीत पडतात, तळाशी ठिणगी पेटते, पंखा हवा देतो आणि पाच मिनिटांत घर ऊबदार. मॅन्युअल ड्रॉवरमध्ये होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही. दिवसभर हेल्पडेस्कवर बसून लोकांना "मॅन्युअल वाचलंत का?" विचारणारा माणूस मी... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मे महिन्यात, इकडे हिवाळा सुरू होतो तेव्हा, पुण्याहून आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटी. संपूर्ण हिवाळा राहणार होती. स्टोव्ह मस्त चालत होता, आई त्याच्यासमोर बसून मटार सोलायची. माझी बायको मनाली म्हणायची, आई आल्यापासून देवघरातली समई आणि ताम्हन काय झळाळतंय बघ. मला वाटलं, कोपऱ्यावरच्या इंडियन दुकानातली पावडर चांगली निघाली.

एका रविवारी लवकर उठलो तर आई स्टोव्हचं दार उघडून बसलेली. हातात जुना चमचा, शेजारी आइस्क्रीमचा रिकामा डबा. वाटीतली राख खरवडून डब्यात भरत होती. इतकी स्वच्छ लाकडाची राख आता पुण्यात बघायलाही मिळत नाही, पितळ काय सुरेख निघतं, असं काहीतरी कौतुकाने सांगत होती.

मी भडकलो. काच फुटली असती, सेन्सर बिघडला असता, वॉरंटी गेली असती... काय काय डोक्यात आलं. मी म्हणालो, "आई, ही काय चूल आहे का? इथे कशालाही हात लावण्याआधी विचारत जा."

ती "बरं" म्हणाली. चमचा धुऊन जागेवर ठेवला.

आठवड्याभरात स्टोव्ह कुरकुरायला लागला. आधी पेटायला वेळ लागायचा, मग नुसताच धूर, मग स्क्रीनवर एरर आणि सगळं बंद. मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. रीस्टार्ट केला, प्लग काढून परत लावला, गोळ्यांची नवी बॅग आणली, व्हिडिओ पाहिले. आतली वाटी तेवढी काढून पाहिली नाही.

हेल्पडेस्कवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो... आधी चालत होतं ना, मग मध्ये काय बदललं? मी तोच स्वतःला विचारला आणि उत्तरही लगेच दिलं. आईने चमचा घातला. आणि हे मी तिला जेवताना बोलून दाखवलं... मनालीसमोर.  आईने पानातलं संपवलं आणि उठली.

मेकॅनिक महिनाभर बुक होता. तोवर तिच्या खोलीत एक छोटा इलेक्ट्रिक हीटर ठेवला. ती हॉलमध्ये यायची बंद झाली. स्वेटर, त्यावर शाल, पायात दोन दोन मोजे... ओट्यावरची किटली वापरायलाही मनालीला विचारायची. मग एक दिवस म्हणाली, गुडघे धरतायत, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. मला खरंच वाटलं की थंडीचाच त्रास आहे. बदलून दिलं तिकीट.

ती गेली आणि पुढच्याच शनिवारी मेकॅनिक आला. साठीचा, शांत माणूस. वाटी बाहेर काढून मला दाखवली. तळाची सगळी भोकं राखेने बुजलेली, हवा आत जाणार कुठून? म्हणाला, ही रोज खरवडायची असते, मित्रा. मग आत टॉर्च मारून जरा थांबला. कोपऱ्याकोपऱ्यातून कुणीतरी फार निगुतीने साफ केलेलं दिसत होतं त्याला. त्याने विचारलं, "इतके दिवस छान काळजी घेत होतात की. मग मध्येच का थांबलात?"

 बदललं होतं ते हेच... आईने राख काढणं थांबवलं होतं. मी थांबवलं होतं.

तो गेल्यावर कपडे धुण्याच्या खोलीत तो आइस्क्रीमचा डबा सापडला. अर्धा भरलेला, झाकणावर आईच्या अक्षरात "राख, समईसाठी".

दुपारी फोन लावला, तिकडे सकाळचा चहा चालू होता. सगळं सांगितलं. म्हटलं, आई, माझं चुकलं. तिने विचारलं, पेटला का पण? हो म्हटल्यावर म्हणाली, मग झालं तर, रोज काढत जा. पुढच्या हिवाळ्यात येशील ना, असं मी विचारलं.

"बघू रे. तुझ्याकडे कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते मला कळत नाही."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आता रोज सकाळी मीच तो चमचा घेऊन बसतो. काल समई घासून पाहिली, तिच्यासारखी नाही निघाली. पुढच्या हिवाळ्याचं तिकीट काढायचं म्हणतोय, पण त्याआधी पुण्याला जाऊन तिच्यासमोर बसायचंय. हे घर तुझंही आहे, हे एक वाक्य इतक्या दिवसांत मी तिला एकदाही म्हणालो नाही.

स्टोव्ह आता पहिल्याच झटक्यात पेटतो. पेटला की दर वेळी आधी वाईटच वाटतं... ऊब नंतर लागते.