भरल्याशिवाय न निघणारा ऑटो

सकाळी मी पेपर वाचत नाही, त्यातून काहीतरी पकडत असते. आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना अर्थशास्त्र शिकवते. पुस्तकातली उदाहरणं चहा आणि कॉफीची. आमच्या मुलांपैकी कॉफी किती जणांनी प्यायली असेल, कोण जाणे. म्हणून मी नियम केला होता: वहीच्या डाव्या पानावर बातमीचं कात्रण, उजव्या पानावर त्या बातमीतली संकल्पना. कांदा महागला, डावीकडे. पुरवठा घटला, उजवीकडे. मुलं खूश होती आणि मी त्यांच्याहून जास्त. एखादी गोष्ट जमली की मी ती ताणत नेते, स्वभावच आहे तो.

तेलंगणात बायकांना सरकारी बस फुकट झाली, ही बातमी तशी जुनी. पण त्या आठवड्यात ऑटोवाल्यांचं गाऱ्हाणं पुन्हा पेपरात आलं होतं. मी कात्रण फळ्याला चिकटवलं आणि शेजारी मोठ्या अक्षरांत ‘पर्यायी वस्तू’ असं लिहिलं. एकीची किंमत उतरली की दुसरीची मागणी घटते. इथवर ठीक होतं. पण मला चेव आला. बसमध्ये चढणारी प्रत्येक बाई म्हणजे ऑटोतली एक रिकामी जागा, असं मी सांगितलं. मग ऑटोवाल्यांनी काय करावं? दुसरा धंदा बघावा, यालाच श्रमाची गतिशीलता म्हणतात. हे सांगताना मी दोन्ही हातांनी हँडल धरून ऑटो वळवल्याची नक्कल केली. वर्ग हसला.

तिसऱ्या बाकावरची मुलगी हसली नाही. ती लिहून घेत होती. ती माझ्याच गावची, तामसीची, आणि तिचे वडील तामसी ते आदिलाबाद शेअर ऑटो चालवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि याचाच मला राग येतो. बस फुकट होण्याआधी कित्येक वर्षं मी त्याच ऑटोतून कॉलेजला येत होते. माझी साडी चुरगळू नये म्हणून ते कडेची जागा माझ्यासाठी राखून ठेवायचे. त्या दिवशीही मी, पगारदार बाई असून, कंडक्टरला आधार कार्ड दाखवून फुकटच्या झिरो टिकिटावरच आले होते. पण खडू हातात असला की मला माझंच काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या तासाला दिसेना. कधी तिसऱ्या तासाला यायची, कधी यायचीच नाही. आठवडाअखेर ऑफिसातल्या क्लार्कने त्या आठवड्यात हजेरी कमी असलेल्यांची यादी पाठवली, त्यात तिचं नाव वर होतं. असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्गात मी तेलुगूत बोलते, व्हरांड्यात मराठीत. तिच्यावर रागावले ते मराठीत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आता ती बसने येत नाही, बाबाच्या ऑटोने येते.

मी विचारलं, का?

“तुमीच सांगतलं ना मॅडम. मी बसमंदी बसली की बाबाची एक जागा खाली.” आणि जरा थांबून, अगदी साधेपणाने, “तुमी काऊन येता बसनं?”

घंटा झाली असं सांगून मी तिथून निघाले. खरं तर घंटा व्हायला अजून पाच मिनिटं होती.

पुढचे दोन दिवस माझा पाय कुठे ठरेना. शिकवताना वाक्य मध्येच सुटायचं. घरात भाजी निवडायला घेतली की मी अर्ध्यात उठायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकरच स्टॉपवर गेले. कडुलिंबाखाली ऑटो उभा होता. मागच्या सीटवर ती एकटीच, मांडीवर वही. शेअर ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. ती रोज सगळ्यात आधी येऊन बसायची, आणि तिच्यामागून कोणी लवकर येतच नसे.

मी ऑटोत शिरले. वडील ओशाळले, फडक्याने कडेची जागा पुसून दिली. मग आम्ही थांबलो. एक म्हातारबाबा आले आणि बसले. तरणी माणसं मोटरसायकलवरून पुढे निघून जात होती. पिशव्या, लेकरं घेऊन बायका स्टॉपवर जमत होत्या. मॅडम आज ऑटोत कशा, म्हणून बघत होत्या. पहिला तास माझाच होता. रस्त्यावर दिसेल त्या माणसाला मी मनातल्या मनात ओढून आत बसवत होते आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

तिचे वडील आदिलाबाद, आदिलाबाद असं ओरडत स्टॉपभर दोन फेऱ्या मारून आले आणि माझ्या बाजूला वाकले.

“मॅडम, तुमीच समजवा तिले. मी रोज म्हंतो, तू बसनं जाय, माह्यं मी पाहून घेतो. आयकतच नाही. कोनं भरवून देलं तिच्या डोक्यात, काही समजून नाही राह्यलं.”

‘मीच’ असं म्हणायचं सोडून मी पुन्हा घड्याळ बघितलं. मला स्वतःची शरम वाटली.

तेवढ्यात बस आली. त्यांनी स्वतः रस्त्यात उभं राहून हात केला, बस थांबवली आणि लेकीची पिशवी उचलून खाली ठेवली. ती जागची हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी बसून राहिले असते तर तीही राहिली असती. मी आधी उतरले. मग ती उतरली. म्हातारबाबा एकटेच मागे राहिले.

बसमध्ये बायकांनी सरकून आम्हाला जागा दिली. कंडक्टरने दोन झिरो टिकिटं फाडली. मी तिला घाईघाईने सांगू लागले की वर्गात मी अर्धंच शिकवलं. पूर्वी ज्यांना दवाखान्यालाही कोणी भाड्याचे पैसे दिल्याशिवाय जाता येत नव्हतं, त्या बायका आज एकट्या निघाल्यात, हेही त्याच बातमीत आहे. आणि सोय सगळ्यांची होत असताना भार एकट्या ऑटोवाल्यावर का, हेही तिथेच विचारायला हवं होतं. बोलता बोलता माझं मलाच ते पुस्तकातलं वाटू लागलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग वही उघडली.

“मॅडम, सहामाहीले पर्यायी वस्तूचं उदाहरण आलं, अन् मी बाबाचा ऑटो लिवला, तं चालते का?”

चालतं, मी म्हणाले. सहामाहीचे पेपर मीच तपासते. पूर्ण मार्क मलाच द्यावे लागणार होते.