संकष्टीची दुर्बीण

दुर्बीण घ्यायची ठरली ती सासूबाईंच्या मोतीबिंदूमुळे. त्या दर संकष्टीला उपास करतात आणि चंद्रदर्शनाशिवाय जेवत नाहीत. गेली काही वर्षं मात्र त्यांना चंद्र धड दिसतच नव्हता. मी किंवा नवरा गच्चीत डोकावून यायचो, ‘उगवला’ म्हणायचो, मग त्या हात जोडायच्या. त्यांच्याआधी आम्हीही पानावर बसत नसू. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी एकच इच्छा सांगितली. चंद्र अगदी जवळून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

नवरा हिंजवडीत नोकरीला. साधं काम साधेपणाने करायची तिथे पद्धत नसावी. त्याने कॅमेरा बसवायची, मोटरवर आपोआप फिरणारी दुर्बीण हेरून ठेवली होती. मला हाताने फिरवायची, डोळा लावून बघायची साधी जाड नळी पुरेशी वाटत होती. दुकानदाराने आमचा वाद शांतपणे ऐकून घेतला.

“बघायचंय की लोकांना दाखवायचंय?” त्याने विचारलं.

नवरा क्षणाचाही विचार न करता दाखवायचंय म्हणाला, आणि मोटरवाली घरी आली.

संकष्टीला विश्रांतवाडीच्या आमच्या गच्चीत तयारी सुरू झाली. मोटरला म्हणे आधी ध्रुवतारा दाखवावा लागतो, आणि तो नेमका पाण्याच्या टाकीमागे. नवरा तिवई घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिला. चंद्र केव्हाच वर आला होता. खाली मोदक गार होत होते आणि सासूबाई खुर्चीवर उपाशी. माझं डोकं तापलं होतं. अखेर लॅपटॉपवर चंद्र उमटला, खरोखर देखणा. नवऱ्याने तो कौतुकाने आईपुढे धरला.

“छान आहे. पण चित्र बघून कोणी उपास सोडत नाही,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने निमूटपणे कॅमेरा काढला आणि खोक्यात तसंच पडलेलं, डोळा लावायचं भिंग बसवलं. सासूबाई वाकल्या. बराच वेळ डोळा लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आपल्या गल्लीपेक्षा जास्त खड्डे आहेत. आम्ही हसलो.

“भर पावसातही तुम्ही उगवला म्हणायचात,” त्या डोळा न काढता म्हणाल्या. “माझे डोळे अधू होते, कान नव्हते.”

नवऱ्याने, मग जेवायचीस कशाला, असं विचारलं.

“तुम्हाला भुका लागलेल्या असायच्या ना.”