आत्यानं धुतलेला शर्ट

आमच्या आत्याची लाँड्री आहे. लाँड्री म्हणजे काय, एकच खोली. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं नळ आणि दोन टाक्या. इस्त्री काय कोणीही करतं, पण डाग काढावा तर आत्यानंच. शाईचा असो, गंजाचा असो, भिंतीच्या रंगाचा असो. कपडा आधी नाकाजवळ नेणार, मग नखानं खरवडणार आणि सांगणार, हा परवाचा आहे, आणि यावर तुम्ही घरी गरम पाणी ओतलंय, खोटं बोलू नका. एकानं विचारलं, बाई, पूर्ण जाईल ना? तर म्हणाली, "डाग जाईल. वेंधळेपणाचं औषध माझ्याकडे नाही."

लग्न केलं नाही तिनं. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या काकाला, तिनंच मोठं केलं. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सायकलला पेटी बांधून घरोघरी फिरायचा, त्यामुळे शर्ट कायम तेलकट. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तरी शर्ट आत्याकडेच. काकू म्हणायची, "अहो ताई, मी धुतले तर काय होईल?" आत्या म्हणायची, "काही होणार नाही, तेच तर. तेल तिथंच राहील."

एका मंगळवारी दुपारी काका गेला. गोदामांच्या रस्त्यावर एका ट्रकनं वळण घेतलं आणि काका सायकलसकट आतल्या बाजूला सापडला. मागचं चाक कमरेवरून गेलं. सायकल पोलिसांनी नेली. अंगावरचे कपडे हॉस्पिटलनं एका पिशवीत बांधून काकूच्या हातात दिले.

काकूनं ती पिशवी उघडलीच नाही. सगळं उरकल्यावर आत्याकडे आणून ठेवली. "ताई, तुमच्याकडेच राहू दे. मला बघवत नाही."

आत्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसली. पँट कापूनच काढली होती, तिचं काही होणार नव्हतं. शर्ट मात्र होता. रक्त निघालं थंड पाण्यानं, मीठ लावून, चार वेळा. मग पाठीवर, उजव्या खांद्यावर एक पट्टा होता, काळा, आणि काळ्यात निळा. काळं म्हणजे ग्रीस, ते रॉकेलनं सुटलं. निळा म्हणजे रंग, लोखंडावरचा. तो हट्टी. थिनर लावून कापसानं टिपत टिपत तिनं अख्खा दिवस त्यात घातला. खांदा फाटला होता, तिथं रफू केलं. मग इस्त्री केली, बटणं लावली आणि गिऱ्हाइकाला देतात तसा कागदात गुंडाळून काकूला नेऊन दिला.

काकूनं शर्ट छातीशी धरला आणि पहिल्यांदा मोकळी रडली. तोवर ती दगडासारखी बसून होती. आम्ही सगळे म्हणालो, आत्या, तुझ्या हाताला यश आहे. एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

पंधरा दिवसांनी ट्रकमालकाकडून एक माणूस आला. गोड बोलणारा. म्हणाला, झालं ते वाईट झालं, मालकाचाही जीव तुटतो, कोर्टकचेरी कशाला, हे पैसे घ्या आणि इथं सही करा. काकूच्या मुलीनं कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की सायकलस्वार स्वतःच घसरून चाकाखाली आला, ट्रकचा धक्का लागला नाही, आणि यापुढे घरच्यांची कसलीही मागणी नाही.

"घसरला?" आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं सायकल चालवतोय तो. पेटीतला स्क्रू कधी सांडला नाही त्याच्या हातून."

"ताई, ही फक्त भाषा असते," तो माणूस म्हणाला.

"मग भाषा बदलून आणा."

तो निघाल्यावर म्हणाली, "वरून कडक इस्त्री, आणि कॉलर बघितली का आतून? तसाच माणूस."

म्हणून मग वकीलबाई केली. बाई सरळ होती, उगाच आशा लावली नाही. म्हणाली, बघा, वाटा तीन आहेत. पोलिसांची केस ड्रायव्हरवर आहे, ती सरकार चालवेल, त्याला शिक्षा होईल नाहीतर होणार नाही, तुमच्या हातात फार नाही. दुसरी, तो कागद. सही केली की पैसे लवकर, पण दार कायमचं बंद, नंतर कितीही वाईट वाटलं तरी उघडत नाही. तिसरी, भरपाईचा दावा, मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. वेळ लागेल, आणि ट्रकची चूक होती हे आपल्याला दाखवावं लागेल. दावा लावायला मुदत असते, म्हणून शोक करत बसू नका. आणि कंपनीचा फोन आला तर काही बोलू नका, माझा नंबर द्या.

मग म्हणाली, "मालकाला आजच नोटीस पाठवते. ट्रक आहे तसा ठेवा, धुऊ नका, दुरुस्त करू नका, ड्रायव्हर किती तास गाडीवर होता ती वही सांभाळा. बरं, अंगावरचे कपडे कुठायत?"

काकूनं पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं. आत्यानं ते हौसेनं स्वतः उलगडलं. पांढराशुभ्र शर्ट, घडी न् घडी जागेवर.

वकीलबाईनं शर्ट दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. मग हळूच विचारलं, "यावर काय काय होतं?"

आत्यानं सांगितलं. रक्त, ग्रीस, निळा रंग. बोलता बोलता आवाज खाली गेला, कारण ट्रक निळा होता हे तिलाही माहीत होतं. चाक कमरेवरून गेलं होतं, खांद्याला लागलंच नव्हतं. खांद्यावर निळा रंग कधी लागेल? काका सायकलवर ताठ बसलेला असताना ट्रकनं मागून घासला तरच. तो घसरला नव्हता. त्याला पाडलं होतं. आणि ते सांगणारी एकच गोष्ट होती, ती आत्यानं कापसानं टिपून टिपून काढली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही..." वकीलबाई म्हणाली आणि पुढचं गिळलं.

दावा लावला. वकीलबाई ट्रक बघायला गेली तेव्हा कळलं, मालकानंही अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तो धुवून घेतला होता, पुढचा कोपरा रंगवला होता. वकीलबाई चिडली, पण म्हणाली, यावर मी फार ओरडू शकत नाही. ओरडले की ते म्हणतील, तुम्हीही धुतलंच की.

त्यानंतर आत्या बदलली. दुकान चालू होतं, काकूही आता तिथंच इस्त्रीला उभी राहायची, पण गिऱ्हाइकांशी मस्करी संपली. कोणी कपडा टाकला की ती नुसती मान हलवायची. आणि काकू तिला शर्टाबद्दल एका शब्दानं बोलली नाही. रोज समोरासमोर उभ्या, एक इस्त्री फिरवतेय, एक पाणी शिंपडतेय, आणि तो शब्द दोघींच्या मध्ये टेबलावर पडलेला.

आत्याची साक्ष झाली. जायच्या आधी तिनं मनात सगळं लावून ठेवलं होतं, पट्टा कुठून सुरू, कुठं संपतो, रंगाचा पापुद्रा कसा होता, कसा सुटला. पण तिकडच्या वकिलानं सुरुवातच वेगळी केली.

"तुम्ही डाग काढण्यात हुशार, बरोबर?"

"लोक म्हणतात."

"हो की नाही?"

"हो."

"शर्ट तुम्ही धुतला. हो की नाही?"

"हो, पण त्याच्यावर..."

"एवढंच विचारलंय. आज या शर्टावर ट्रकचा रंग आहे?"

"आज नाही."

"मयत तुमचा सख्खा भाऊ. कोणाच्या सांगण्यावरून धुतलात?"

आत्या म्हणाली, "सांगायला कशाला पाहिजे? माझाच होता तो." वकील बसला. आमच्या बाईनं पुन्हा विचारून थोडंफार बोलायला लावलं, पण मनात लावून ठेवलेलं सगळं विस्कटलं होतं. काळा होता, निळा होता, एवढंच आलं.

पुढं दीड वर्षानं निकाल लागला. ट्रकची चूक साठ टक्के, काकाची चाळीस. भरपाईतून तेवढं कापलं. वकीलबाई म्हणाली, अजून एक वाट आहे, वरच्या कोर्टात अपील. अजून काही वर्षं जातील, आणि वाढेलच असं नाही. नाहीतर मिळतंय ते घ्या. ठरवायचं काकूनं.

दोघी दुकानात परत आल्या तेव्हा संध्याकाळचे कपडे न्यायला कोणी आलं नव्हतं. आत्या म्हणाली, "अपील करायचं. चाळीस टक्के त्याच्या नावावर राहू द्यायचे नाहीत."

"ताई, मी दमले."

"दमलीस म्हणून त्याला खोटा ठरवणार?"

"पोरगी मोठी होतेय. मला तारखा नकोत."

"म्हणजे तो घसरला म्हणायचं! त्यांनी लिहिलं तसंच!"

काकूनं इस्त्री उभी करून ठेवली. "शर्ट तुम्ही धुतलात, ताई."

आवाज चढवून नाही म्हणाली. साधं, भाजी आणली का विचारावं तसं. आत्या टाकीपाशी गेली, नळ सोडला, बंद केला.

"मिळतंय ते घे," ती म्हणाली. "मी आडवी येणार नाही."

काकूनं तोंडाला पदर लावला. तिला ते बोलायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं होतं. माफी मागावी तर बोललेलं खोटं नव्हतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं. ती पुढं आली आणि आत्याकडे पाठ करून उभी राहिली.

"कुठं होता, दाखवा."

"काय?"

"तो पट्टा. मी पिशवी उघडलीच नाही. मला कोणीच नीट सांगितलं नाही."

आत्यानं ओले हात लुगड्याला पुसले. काकूच्या उजव्या खांद्यावर बोट टेकवलं.

"इथून," ती म्हणाली. "इथं रुंद होता, चार बोटं. वरच्या अंगाला निळा दाट, खाली काळा जास्त. मग असा तिरका..." बोट हळूहळू खाली येत होतं. "इथं फाटलं होतं. इथं पातळ झाला. आणि इथं संपला."

"परत सांगा," काकू म्हणाली.

आत्यानं बोट पुन्हा खांद्यावर नेलं.