ओझोन काही ऐकेना

शहराची हवा मोजणाऱ्या साहेबांना सगळी नगरपालिका ‘हवाभाऊ’ म्हणायची. धूळ आटोक्यात आली होती, धूरही. एक ओझोन तेवढा हट्टाला पेटलेला. तो कुठल्याच धुराड्यातून थेट निघत नाही, त्यामुळे दम तरी कुणाला द्यायचा? गाड्यांचा धूर आणि पेट्रोलची, थिनरची वाफ यांची उन्हात गाठ पडली की हा तयार! दर उन्हाळ्यात शहर मर्यादा ओलांडायचं आणि नगराध्यक्षबाई हवाभाऊंना फैलावर घ्यायच्या.

यंदा बाईंनी एका रविवारी गाड्याच बंद ठेवल्या, स्वतः सायकल चालवली आणि घामाघूम होऊन गच्चीवरच्या यंत्रापाशी आल्या.

“किती उतरला?”

हवाभाऊंनी यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. “वाढलाय, बाई.”

“गाड्या बंद असताना?”

“गाड्यांच्या ताज्या धुरातला एक वायू थोडा ओझोन खातो. तो आज नव्हता.”

“मग काय लोकांना सांगू, धूर सोडा म्हणून?”

“छे छे! आधी वाफ कमी करायला हवी. थिनरची.”

“मग करा की!”

इथेच घोडं अडलं. शहरात सगळ्यात जास्त थिनर उडायचं गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजात, आणि त्याचा मालक हवाभाऊंचा सख्खा मेहुणा. हवाभाऊंनी त्याला थिनरऐवजी पाण्यात कालवायचा रंग वापरायला सांगितलं.

“दाजी, पाण्याचा रंग मारायला मी काय चित्रकलेचा वर्ग काढलाय?” मेहुणा उखडला.

हवाभाऊ चष्मा पुसत राहिले. बायकोनं मात्र भावाला सुनावलं, “दुपार झाली की या ओझोननं आई खोकून खोकून बेजार होते. तुला ऐकू येत नाही?”

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं.

नव्या रंगाची पहिली गाडी पट्ट्यापट्ट्यांची निघाली. गिऱ्हाईक म्हणालं, “मी झेब्रा मागितला नव्हता.” मेहुण्यानं हवाभाऊंचा उद्धार केला, गाडी घासून पुन्हा रंगवली, आणि हळूहळू हात बसला. ओझोनही उतरला. चिमूटभरच. मर्यादेच्या वर तो अजून राहिलाच.

उरलेला वाऱ्याबरोबर बाहेरून येत असणार, असं ठरवून हवाभाऊंनी शेजारच्या शहरातल्या हवावाल्या बाईंना फोन लावला. “तुमचा ओझोन आमच्याकडे येतोय.”

“काय सांगता! आम्ही तर तो तुमचा समजून बसलो होतो.”

दोघंही पोट धरून हसले. मग हवाभाऊंनी विचारलं, “तुमच्याकडे गाड्या कोण रंगवतं?”

पलीकडून बारीक आवाज आला, “आमचे दीर.”

“मी मेहुण्याला घेऊन येतो,” हवाभाऊ म्हणाले. “त्याला आता रंगातलं कळतं, आणि शिव्याही येतात.”