हिरवी इरकल

परवा साडीच्या दुकानात इरकलीच्या कोऱ्या वासानं मला थेट हुबळीला नेलं.

सूतगिरणी बंद पडली, कामगारांचे पगार थांबले आणि आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक येईना. रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही, म्हणून अप्पा आईलाच केशवापूरच्या घरून बोलावून गिऱ्हाईक म्हणून बसवायचे.

“बर्री अक्का, बसा! काय दाखवू?” रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ते विचारायचे.

“ती हिरवी दाखवा,” आई म्हणायची आणि पदर खांद्यावर टाकून आरशात बघत राहायची. रोज तीच हिरवी. काय सोंग वठवते, म्हणून आम्ही मुली तोंड दाबून हसायचो. संध्याकाळी अप्पा साडीची घडी घालून पुन्हा कपाटात ठेवायचे.

सोंग अप्पांचं होतं. आई खरंच मागत होती.