जाऊन आलेल्या माणसाला विचारा

अण्णा गेल्याची तार कुमुदला मीच केली. तारघरातल्या बाकावर बसले, पण काय लिहावं ते सुचेना. 'वडील अत्यवस्थ' असं कळवायची पद्धत असते, म्हणजे परमुलखातल्या माणसाला धक्का जरा बेतानं बसतो. पण अण्णांच्या लेकीला अर्धवट बातमी कशी कळवायची? अर्धवट बातमीवर ज्यांनी जन्मभर दात धरला, त्यांच्याच मरणाची बातमी... शेवटी सरळच लिहिलं. अण्णा आज सकाळी गेले, तू घाई करू नकोस.

अण्णा माझे थोरले भाऊ. सोलापूरच्या कोर्टात वकिली करत, पण गाव त्यांना ओळखायचं ते विलायतेला जाणाऱ्यांचे सल्लागार म्हणून. स्वतः ते मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत, आणि तशी हौसही नव्हती. बोटीच्या नुसत्या गोष्टींनी त्यांना मळमळायचं. हे वेड लागलं ते त्यांच्या एका मित्रामुळे. तो आगबोट कंपनीची गुळगुळीत कागदाची चोपडी वाचून निघाला होता. हिंदू उतारूंच्या जेवणाची खास सोय आहे, असं तीत छापलेलं. खास सोय म्हणजे उकडलेले बटाटे! गडी एडनपर्यंत बटाट्यांवर राहिला आणि तिथून पुढे मार्सेल्सपर्यंत आमच्या वहिनीनं बांधून दिलेल्या कडक भाकरीवर. परत येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. अण्णा मात्र संतापले. हे छापणारा त्या बोटीवर कधी जेवला होता का, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

तेव्हापासून त्यांनी नियम धरला. छापलेल्यावर जायचं नाही, जाऊन आलेल्या माणसाला विचारायचं. आणि तेही आल्या आल्या नाही. गळ्यातले हार सुकेपर्यंत माणूस फुशारक्या मारतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम याहून चमत्कारिक. एकमेकांचं तोंडही न पाहणारी दोन माणसं जेव्हा एकच गोष्ट सांगतील, तेव्हाच ती खरी धरायची. गावात अशी जोडी आयतीच होती. एक विलायतेहून शिकून आलेले डॉक्टर, आणि दुसरे मँचेस्टरला यंत्रं पाहून आलेले एका गिरणीचे मास्तर. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीपासून दोघांत विस्तव जात नव्हता. अण्णा सकाळचा चहा एकाकडे घेत, संध्याकाळचा दुसऱ्याकडे. डॉक्टर म्हणत, थंडीचा उगीच बाऊ करतात. मास्तर म्हणत, लोकरीच्या दोन बंड्या एकावर एक घाला. मग थंडीचा प्रश्न महिनोन्‌महिने लोंबकळत राही. तिकडची घरमालकीण आंघोळीला गरम पाणी आठवड्यातून एकदाच देते, यावर मात्र दोघांचं एकमत निघालं. त्या दिवशी अण्णांनी खुशीत येऊन वहिनीला शिरा करायला लावला. आंघोळ मिळणार नाही याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

लोक लांबून लांबून येत. पुढच्या खोलीत जाजमावर बसून ऐकत, आणि अण्णांनी ठरवून दिल्याप्रमाणे निघत. मग वहिनी गेली. घरात अण्णा आणि कुमुद दोघंच राहिली, मी येऊन जाऊन असायचे, आणि एक दिवस कुमुदचीच पाळी आली.

ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. वर्षभराच्या अभ्यासासाठी तिला विलायतेला जायची शिष्यवृत्ती मिळाली. अण्णा नेहमीच्या उत्साहानं चौकशीला लागले आणि पहिल्यांदाच अडले. एकटी जाऊन आलेली बाई कुठे सापडेना. पुण्याला एक आहेत असं कळलं, म्हणून गाडीत बसून गेले. त्या नवऱ्याबरोबर गेल्या होत्या, आणि दर प्रश्नाला 'ते ह्यांना ठाऊक' म्हणत होत्या. शाळेच्या मडमेनं सगळं छान समजावून सांगितलं, पण अण्णांना ते पटेना. ती आपल्या माहेरी जाते, तिला तिथलं परकेपण काय कळणार, असं म्हणून ते परत आले. डॉक्टरांनी आणि मास्तरांनी आपापल्या घरी बसून एकच सांगितलं, की पाठवू नका. दोघांचं एकमत झालं होतं. नियमाप्रमाणे प्रश्न तिथेच मिटला.

त्या दिवशी कुमुद त्यांना वाढत होती आणि मी शेजारी बसले होते. आवाज न चढवता ती म्हणाली, "अण्णा, त्या दोघांपैकी कुणी बाई म्हणून गेलं होतं का? कुणीतरी पहिल्यांदा जाऊन आल्याशिवाय तुम्हाला सांगणार कोण, ते तरी सांगा की."

मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण अण्णा हातातला घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "जा तू. मला यातलं काही ठाऊक नाही. पण आल्यावर जसं घडलं तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस." माहितीवाचून त्यांनी आजवर कुणाला पाठवलं नव्हतं. गाडी सुटल्यावर ते फलाटावर इतका वेळ उभे राहिले, की शेवटी मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

कुमुदची पत्रं येत. खोली चांगली आहे, माणसं प्रेमळ आहेत, प्रकृती उत्तम. अण्णा मला ती मोठ्यानं वाचून दाखवत आणि घडी घालून ठेवून देत. "तिथून लिहिलेलं धरायचं नसतं," ते म्हणत. "पोर आपल्याला घोर नको म्हणून लिहितीय. आली म्हणजे विचारू." उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. परीक्षा तोंडावर म्हणून त्यांनी तिला कळवू दिलं नाही. ती येईपर्यंत राहायला हवं, हे मात्र ते रोज म्हणायचे... नाही राहिले.

कुमुद आषाढात आली. घरभर नुसती हिंडायची. अशात एके दुपारी मंगळवेढ्याचे एक व्यापारी लेकीला घेऊन दारात आले. "वकीलसाहेब हायत का?" त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मी सांगितलं, तसे ते अवघडून मागे वळले. कुमुदनंच त्यांना बसवलं.

"पोरीला तिकडं डॉक्टरकीला धाडायचं म्हनतो," ते म्हणाले. "एकटी बाई ऱ्हाती का वो तितं?"

कुमुद सांगायला लागली. रंग पाहून किती घरांची दारं तोंडावर लागली, ते सांगितलं. हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच काळोख पडायचा, तेव्हा चार माणसं दिसावीत म्हणून ती स्टेशनात जाऊन बसायची. ताप आला तेव्हा हाकेला कुणी नव्हतं, आणि परत यायचं म्हणून एकदा ट्रंकही भरली होती. यातलं एक अक्षर पत्रात नव्हतं.

"मग नगं म्हनता?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"पाठवा," कुमुद म्हणाली. "पण हे ऐकून पाठवा."

ते गेल्यावर ती जाजमावर तशीच बसून राहिली. मी पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. "आत्या, हे अण्णांना सांगायचं म्हणून ठेवलं होतं मी. तिकडे रोज मनात जुळवत होते."

मी म्हटलं, मला सांग. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मधेमधे ती थांबायची, मी काही विचारीन म्हणून माझ्याकडे बघायची. अण्णांनी तिथे काय विचारलं असतं, ते काही केल्या मला सुचत नव्हतं.